काळी, पांढरी आणि गायरान : जागेचा निर्णय गावानं कसा घ्यावा

ऑनलाइन ऐकणाऱ्यांसाठी आधी पत्ता सांगतो. पुसेगाव म्हटलं की पश्चिम महाराष्ट्रातल्या माणसाला सेवागिरी महाराजांच्या यात्रेचं, खटाव तालुक्यातलं पुसेगाव आठवतं. आज आपण बोलतोय ते हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं पुसेगाव. सोयाबीन, तूर, कापूस आणि हळदीच्या मुलखातलं.

आजचा विषय असा. सरपंचांच्या टेबलावर एक अर्ज येतो. कुणाला गावठाणात घर बांधायचंय, कुणाला रस्त्याकडेच्या शेतात प्लॉट पाडायचेत, कुणाला गायरानात सौर प्रकल्प हवाय, कुणाला ओढ्याकाठी वीटभट्टी लावायचीय. अर्जासोबत दोन-चार झेरॉक्स असतात आणि ‘तेवढी एनओसी द्या’ असा आग्रह असतो. सरपंच स्वतःची शेती करून हे काम बघतात. ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे कालपर्यंतचे ग्रामसेवक, एकाहून जास्त गावं सांभाळत असतात. तलाठ्यांचं नाव बदलून आता ग्राम महसूल अधिकारी झालं, पण सज्जा तेवढाच मोठा राहिला. यांच्यापैकी कुणाकडे नगररचनाकार नाही, अभियंता रोज उपलब्ध नाही, आणि अर्जदार बहुतेक वेळा ओळखीतला, नाहीतर नात्यातला. अशा परिस्थितीत या लोकांनी नीट निर्णय घ्यावा असं वाटत असेल तर त्यांना काय माहीत असायला हवं आणि गावानं त्यांना काय पुरवायला हवं, एवढंच आज बघायचंय.

जागेच्या निर्णयाला वेगळं का काढलं? कारण बाकीचे बरेच निर्णय दुरुस्त करता येतात. रस्ता उखडला तर पुढच्या वर्षी पुन्हा करता येतो, निधी वाया गेला एवढंच. पण ओढ्याच्या पोटात तीस प्लॉट पडले, लोकांनी कर्ज काढून घरं बांधली, आणि मग पहिल्या मोठ्या पावसात घरात पाणी शिरलं, तर ते कोण उलटवणार? ज्यानं प्लॉट विकले तो पैसे घेऊन मोकळा झालेला असतो. घेणारा कोण असतो? बहुधा ऊसतोडीला जाऊन चार पैसे साठवलेला माणूस, किंवा मुलीच्या शाळेसाठी वाडीवरून गावात आलेलं कुटुंब. नुकसान त्यांचं होतं आणि शिव्या ग्रामपंचायतीला बसतात.

आपल्या भाषेतच नकाशा आहे

आपल्याकडे गावाच्या जमिनीला दोन जुने शब्द आहेत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. नुसते रंग नाहीत हे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर बांधलेल्या भिंतीला तडे जातात. म्हणून वस्ती उंचवट्यावर, मुरमाड, पाणी न साचणाऱ्या जागी धरलेली असायची. तिच्या बाहेर ओढा, पाणंद, गुरांसाठी गायरान, मसणवटा, आणि पलीकडे शिव. यातला प्रत्येक शब्द म्हणजे जमिनीचा एकेक वापर आहे. आज ज्याला भू-वापर आराखडा म्हणतात तो आपल्या आजोबांच्या बोलण्यात होता.

पण याचा फार गोडवा गाऊ नये. त्याच जुन्या रचनेत दलित वस्ती गावाबाहेर होती, बऱ्याच ठिकाणी खोलगट जागेत, सांडपाण्याच्या वाटेवर. पाण्याचा उतार जुन्या लोकांना कळत होता आणि तो उतार कुणाच्या दारात जाऊ द्यायचा हेही त्यांनीच ठरवलं होतं. तेव्हा जुनं ते सगळं शहाणपणाचं असं म्हणता येत नाही. उतार कसा ओळखायचा तेवढं त्यांच्याकडून शिकावं.

कुणाच्या हातात काय आहे

आता थोडा कायदा. थोडाच, कारण गोंधळ बहुतेक एकाच ठिकाणी होतो, तो म्हणजे अधिकार कुणाचा.

गावठाणाच्या हद्दीत बांधकामाची परवानगी देण्याचा अधिकार ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ नुसार ग्रामपंचायतीला आहे. अर्ज आला आणि ठरलेल्या मुदतीत उत्तरच दिलं नाही, तर परवानगी मिळाली असं मानलं जातं. म्हणून ‘बघू पुढच्या मासिक सभेत’ हेही एक उत्तरच होऊन बसतं. सार्वजनिक रस्ता आणि मोकळ्या जागेवरचा अडथळा काढण्याचा अधिकार कलम ५३ मध्ये आहे.

गावठाणाबाहेर गेलात की शेतजमीन सुरू होते. तिथे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ लागते. शेतीची जमीन बिगरशेती, म्हणजे आपण ज्याला एनए म्हणतो, ती करण्याचा विषय महसूल खात्याचा. बांधकाम कसं, रस्ता किती रुंद, मोकळी जागा किती हे प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ आणि २ डिसेंबर २०२० ला आलेली एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, यावरून ठरतं. ग्रामपंचायतीनं गावठाणाबाहेरच्या लेआउटला ‘ना हरकत’ दिली म्हणून तो लेआउट मंजूर होत नाही. प्लॉट विकणारा मात्र तेच पत्र लॅमिनेट करून दाखवतो आणि विकत घेणाऱ्याला वाटतं, सरकारची सही आहे. आमचं मत विचाराल तर, जो अधिकार आपल्याकडे नाही त्या विषयाचं पत्र ग्रामपंचायतीनं द्यायचंच नाही. द्यावं लागलंच, तर त्यात स्पष्ट लिहायचं की ही बांधकाम परवानगी नाही आणि अकृषिक परवानगीही नाही.

सगळ्यात जास्त हालचाल कुठे असते? गावठाणाच्या कडेला लागून असलेल्या २०० मीटरांच्या पट्ट्यात. २०१७ साली महसूल संहितेत कलम ४२-ड घातलं गेलं. गावाच्या हद्दीपासून २०० मीटरांतली जमीन निवासी वापरासाठी किंवा प्रादेशिक योजनेत मान्य असलेल्या वापरासाठी बिगरशेती झाली असं मानायचं, असा त्याचा गाभा आहे. गावागावात याचा अर्थ ‘२०० मीटरांत सगळं आपोआप एनए’ असा पसरला. अर्धं खरं आहे. रूपांतर कर आणि अकृषिक आकारणी भरण्याची अट त्या कलमातच घातलेली होती. जमीन वर्ग २ ची असेल तर नजराणा किंवा अधिमूल्याचा प्रश्न येतो. आणि हे सगळं विकास नियमावलीच्या अधीन आहे, म्हणजे रस्ता, मोकळी जागा, नाल्यापासूनचं अंतर हे सुटत नाही. तुकडेबंदीचंही तसंच. ऑगस्ट २०२३ मध्ये प्रमाणभूत क्षेत्र राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांत जिरायतासाठी २० गुंठे आणि बागायतासाठी १० गुंठे केलं गेलं, आणि त्यानंतरही नियम सैल होत आले. हे नियम इतक्या वेळा बदलतात की ताजा शासन निर्णय समोर ठेवल्याशिवाय कुणालाही तोंडी काही सांगू नये.

एक गोष्ट मात्र बदललेली नाही. नमुना ८ ला नाव लागलं, घरपट्टीची पावती फाटली, म्हणजे मालकी सिद्ध झाली असं होत नाही. तो कर आकारणीचा कागद आहे. बॉण्ड पेपरवर नोटरी करून घेतलेला गुंठा-दोन गुंठ्यांचा व्यवहार म्हणजेही खरेदीखत नव्हे. गावठाणातल्या घरांना आता ड्रोनच्या मोजणीवरून मिळकत पत्रिका मिळू लागल्या. स्वामित्व योजना म्हणून २४ एप्रिल २०२० पासून देशभर गेलेलं हे काम आपल्या राज्यात आधीच, पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत करून पाहिलेलं होतं. तुमच्या गावची पत्रिका आली असेल तर नमुना ८ आणि पत्रिका शेजारी ठेवून बघा. जिथे दोन्हीचं क्षेत्र जुळत नाही तिथे उद्याचं भांडण आहे. ते आज, शांतपणे, मोजणीच्या वेळीच मिटवलेलं स्वस्त पडतं.

मराठवाड्याचे कागद

पुण्या-साताऱ्याकडे लिहिलेली पुस्तकं वाचून इथलं काम होत नाही. हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. इथल्या जमिनीला वेगळा इतिहास आहे आणि तो सातबाऱ्याच्या एका ओळीत दबून बसलेला असतो. १९५४-५५ चं खासरा पत्रक हे आपल्याकडचं फार महत्त्वाचं कागदपत्र. हैदराबाद कूळ कायदा १९५० चा, इनाम रद्द करण्याचा कायदा १९५४ चा. देवस्थान, दर्गा, मशीद यांच्या सेवेसाठी दिलेली खिदमतमाश जमीन वेगळी, उदरनिर्वाहासाठी दिलेली मददमाश वेगळी.

समजा एखाद्या गटावर लेआउटचा अर्ज आलाय आणि सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असं दिसतंय. तिथे थांबायचं. वर्ग २ का झाली ते फेरफार मागे मागे नेत शोधायचं. कूळ कायद्याची आहे, सीलिंगची आहे, इनामाची आहे की शासनानं भूमिहीनाला दिलेली? प्रत्येकाचं उत्तर वेगळं आणि परवानगी देणारं कार्यालयही वेगळं. तलाठ्यांकडच्या गाव नमुना १ च्या उपनमुन्यांत याच्या याद्या असतात, १-क मध्ये अशा जमिनी आणि १-ई मध्ये अतिक्रमणं. ही वही पाहिल्याशिवाय जागेचा ठराव करणं म्हणजे रक्तगट न तपासता रक्त चढवण्यासारखं आहे. वाजिब-उल-अर्ज नावाचं एक पत्रकही महसूल संहितेत सांगितलंय, कलम १६५ मध्ये. खासगी जमिनीतून जाणारी वहिवाटीची वाट, पाण्याचा हक्क, मासेमारी अशा गावच्या रूढी त्यात नोंदवायच्या असतात. पाणंदीच्या भांडणात ते सापडलं तर अर्धं काम होतं. दुर्दैवानं त्याचं नावही आता कमी लोक घेतात.

गायरान

आता गायरानाकडे येऊ. इथे थोडा वेळ घेऊ, कारण पुढच्या काही वर्षांत सगळ्यात कठीण निर्णय इथेच येणार आहेत.

गायरानावर चार वेगवेगळ्या लोकांचा डोळा आहे आणि चौघांचीही बाजू आहे. गुरं-शेळ्या असलेली कुटुंबं. ज्यांना स्वतःची जमीनच नाही म्हणून जे पिढी-दीड पिढी तिथे कसतात किंवा राहतात ते. गावाला शाळा, दवाखाना, स्मशानभूमी, पाण्याची टाकी हवी म्हणणारे. आणि बाहेरून येणारे प्रकल्प.

भूमिहीनांची बाजू मराठवाड्यात नीट समजून घ्यावी लागते. पडीक सरकारी जमीन कसणाऱ्यांच्या नावे करा म्हणून दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये सत्याग्रह केले, लोक तुरुंगात गेले. पुढे नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयानं १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमानुकूल करायचं ठरलं. कितीतरी कुटुंबांचे कागद तरीही आजपर्यंत पूर्ण झालेले नाहीत. त्यामुळे १-ई नोंदवहीत ‘अतिक्रमण’ असा एकच शब्द दिसला तरी त्यामागे तीस-चाळीस वर्षांची वहिवाट असलेलं भूमिहीन कुटुंब असू शकतं, किंवा मागच्या उन्हाळ्यात जेसीबी लावून चार एकर सपाट केलेला मोठा शेतकरीही.

दुसरी बाजू न्यायालयाची. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयानं जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींबद्दल निकाल दिला. मूळ वाद पतियाळा जिल्ह्यातल्या एका तळ्याच्या जागेचा होता. सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढा आणि त्यासाठी योजना करा असं न्यायालयानं सर्व राज्यांना सांगितलं. पण त्याच निकालात अपवादही आहे. भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमाती यांना शासनानं दिलेल्या जमिनी, किंवा जिथे आधीच शाळा, दवाखाना अशी सोय उभी आहे, तिथे अपवाद म्हणून नियमित करता येईल. निकालाचा पहिला भाग सगळे सांगतात, दुसरा कुणी वाचत नाही. महाराष्ट्रानं त्यावर १२ जुलै २०११ ला शासन निर्णय काढला आणि गायरानाचा वापर बदलण्यावर कडक बंधनं घातली. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं गायरानावरच्या अतिक्रमणांची स्वतःहून दखल घेतली, आणि गावोगाव नोटिसा निघाल्या तेव्हा किती घबराट झाली ते आपण पाहिलंय.

सदस्यांसाठी इथे एक वैयक्तिक धोकाही आहे. सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण केलेला माणूस ग्रामपंचायत सदस्य राहू शकत नाही, कलम १४(१)(ज-३). अतिक्रमण सासऱ्यांनी केलंय, माझ्या नावावर नाही, अशी पळवाट लोक काढायचे. २०१८ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं ती बंद केली. अतिक्रमित जागेवर कुटुंबासह राहून तिचा लाभ घेत असाल, तरी अपात्रता लागते. ज्यांचं स्वतःचं घर अशा जागेवर आहे त्यांनी गायरानाच्या ठरावात मत देण्याआधी हे लक्षात ठेवलेलं बरं.

आणि आता सौर. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये वीज उपकेंद्राजवळच्या सरकारी जमिनी, त्यात गायरानंही आली, सौर प्रकल्पांसाठी दिल्या जाताहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी हा हेतू चांगलाच आहे. रात्री दोन वाजता साप-विंचवात मोटार चालू करायला जाणाऱ्याला दिवसा विजेची किंमत विचारा. ग्रामपंचायतीलाही वर्षाला ५ लाख रुपये, असं ३ वर्षं अनुदान देण्याची तरतूद योजनेत आहे. पण एका मेगावॉटला साधारण ४-५ एकर जागा जाते. ५ मेगावॉटचा प्रकल्प म्हणजे २०-२५ एकर, आणि तिच्याभोवती जाळी. करार २५ वर्षांच्या आसपासचा. म्हणजे अनुदान ३ वर्षं आणि चराई बंद एका पिढीसाठी.

मग काय, नाही म्हणायचं? तसं आम्ही म्हणत नाही. गायरानावर सौर प्रकल्प मुळातच वाईट असं आमचं मत नाही. मासिक सभेत शेवटचा विषय म्हणून पाच मिनिटांत तो मंजूर होणं वाईट. ठराव करण्याआधी एका पानावर एवढं तरी लिहून काढा. आज तिथे कुणाच्या शेळ्या-मेंढ्या, कोणत्या महिन्यांत चरतात? बाहेरून धनगर येतात का? पावसाचं पाणी कोणत्या बाजूनं वाहतं आणि खालच्या कोणत्या विहिरींना मिळतं? स्मशानभूमीची किंवा पाणंदीची वाट जाळीच्या आत जातेय का? गावात घरकुल मंजूर होऊनही जागा नाही म्हणून किती कुटुंबं थांबलीत, त्यांच्यासाठी गावठाण विस्ताराची जागा आधी वेगळी काढली का? त्याच गायरानात खडकाळ, काहीच न उगवणारा तुकडा आहे का, जो प्रकल्पाला चालेल? ही उत्तरं लिहिलेली असली की कंपनीच्या माणसाशी बोलण्याला वजन येतं. जाळीची रेषा पन्नास फूट सरकवून पाणंद वाचवणं हे करारावर सही होण्याआधी फुकटात होतं, नंतर नाही.

पाण्याचा एक हिशेब

प्लॉटिंगच्या अर्जाबद्दल बोलताना आम्ही नेहमी एक गणित करून दाखवतो. पाचवीच्या पोराला येईल असं आहे.

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी. ओढ्याच्या वरच्या अंगाला १०० हेक्टर शिवार आहे असं धरा. १०० हेक्टर म्हणजे १० लाख चौरस मीटर. त्यावर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर १० कोटी लिटर पाणी झालं. अर्धं जमिनीत मुरलं म्हणा. उरलेलं ५ कोटी लिटर त्या ओढ्यानं जाणार. आता प्लॉटवाल्यानं ओढा बुजवला आणि ‘पाइप टाकलाय की’ म्हणाला. एक मीटर व्यासाचा पाइप, पूर्ण भरून, सेकंदाला दोन मीटर वेगानं वाहिला तरी सेकंदाला दीड हजार लिटरच्या थोडं वर पाणी जातं. ५ कोटी लिटर जायला सुमारे ९ तास लागतात. पाऊस तीन तासांत पडला, तर बाकीचं पाणी कुठे जाणार? जिथे भराव टाकून घरं बांधलीत तिथे.

हे काही अभियंत्याचं डिझाइन नाही, ते अभियंत्यानंच करायचं. पण ‘पाइप पुरेल का’ हा प्रश्न सभेत विचारायला सरपंचांना एवढं पुरतं. कयाधूसारख्या नदीचे फाटे जिथे शिवारातून जातात तिथे तर हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊच नये. उन्हाळ्यात ओढा कोरडा दिसतो, त्यात गवत असतं, आणि गटाच्या नकाशात तो एका बारीक रेषेएवढा असतो. म्हणून जागा पाहायची ती पावसाळ्यात. निदान ज्यांचं शेत खालच्या अंगाला आहे अशा दोन शेतकऱ्यांना बरोबर घेऊन.

पिण्याच्या पाण्याचंही बघा. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरांच्या आत नवी विहीर घेण्यावर राज्याच्या भूजल कायद्याचं बंधन आहे. पन्नास प्लॉट म्हणजे उद्याचे पन्नास बोअर आणि पन्नास शोषखड्डे. गावाच्या विहिरीपासून अंतर मोजायला मोबाइलवरचा नकाशा पुरतो.

हादरे

हिंगोली जिल्ह्यात बांधकामाबद्दल बोलताना भूकंप सोडून चालत नाही. २१ मार्च २०२४ ला पहाटे आणि १० जुलै २०२४ ला सकाळी ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. ३० सप्टेंबर १९९३ चं किल्लारी तर सगळ्यांना आठवतं. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं वजन, त्याखाली माणसं दबली. नंतर ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी बसवली गेली. घरं मजबूत झाली, पण सरळ रेषेतल्या रुंद रस्त्यांच्या त्या गावांत लोकांना गोठा कुठे, कडबा कुठे, भावकी शेजारी कुठे, असे प्रश्न वर्षानुवर्षं पुरले. गावठाणातली परवानगी देताना निदान एवढं विचारायला हवं की जुन्या माती-दगडाच्या भिंतीवर वरचा मजला चढवला जातोय का, आणि वस्तीत बाहेर पळून उभं राहायला मोकळी जागा उरतेय का.

याच जिल्ह्यात औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होतेय. ६ एप्रिल २०२३ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं तिला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असलेलं हे यंत्र अतिशय बारीक कंपनही टिपतं, त्यामुळे आसपास खाणी, जड वाहतूक, मोठे कारखाने नकोत. आपल्या प्लॉटच्या हद्दीवर निर्णय संपत नाही, हे समजायला इतकं मोठं उदाहरण घरात आलंय.

मदत कशी करायची

शंभर वर्षांपूर्वी पॅट्रिक गेडिस नावाचे स्कॉटिश नगररचनाकार भारतात आले. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग त्यांच्यापासून सुरू झाला. आराखड्याआधी पाहणी, असा त्यांचा धोशा होता. ते गल्ल्यांतून पायी हिंडायचे. रुंद रस्त्यासाठी अख्खी वस्ती पाडण्यापेक्षा थोडीशी छाटणी करून काम होतं का, ते आधी बघायचे. आपल्याकडे पीक पाहणी आहेच. तसं वर्षातून एकदा जागेची पाहणी का नसावी? तलाठी, ग्रामपंचायत अधिकारी, दोन सदस्य, शाळेतले एक शिक्षक, आणि शिवार पाठ असलेले दोन म्हातारे. गटाचा नकाशा घेऊन एक दिवस ओढा, पाणंद, गायरान, स्मशानभूमी फिरायची. जे दिसलं ते नकाशावर पेन्सिलीनं मांडायचं. तो नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावायचा. कपाटात नको.

दुसरी गोष्ट गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाकडून घेण्यासारखी. तिथे ग्रामसभेआधी अभ्यासगट बसतो. त्याच्याकडे निर्णयाचा अधिकार नसतो. फक्त माहिती गोळा करायची, कायदा वाचायचा, बाहेरच्या जाणकाराला प्रश्न विचारायचे. निर्णय ग्रामसभा घेते, तोही सर्वांच्या संमतीनं. ही विभागणी फार उपयोगी आहे. आपल्या सभेत माहिती आणि मत एकाच वेळी आदळतात, मग ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं होतं.

हिवरे बाजारचं उदाहरण सगळेच देतात, आम्हीही देतो, पण एका कारणासाठी. गावाबाहेरच्याला जमीन विकायची नाही, शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, असं त्या गावानं ठरवलं. ग्रामसभेच्या ठरावानं कायद्यानं कुणाची जमीनविक्री थांबत नाही. तरी तो ठराव टिकला, कारण दरवर्षी पाण्याचा ताळेबंद सगळ्यांसमोर मांडला जातो आणि ठरावाचं कारण लोकांना आकड्यांत दिसतं.

म्हणून ठराव लिहिताना कारण लिहा. ‘सर्वानुमते मंजूर’ या दोन शब्दांचा ठराव कुठल्याच चौकशीत टिकत नाही. काय पाहिलं, कोणता नकाशा, कोणती नोंदवही, कुणाची हरकत होती, ती का फेटाळली किंवा मान्य केली, चार ओळी लिहा. त्या चार ओळी उद्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याला आणि सरपंचालाच वाचवतात.

आता एक प्रश्न घेऊ.

*प्रश्न : सगळं खरंय, पण ग्रामसभेला माणसंच येत नाहीत. मग ठराव तसाच होतो.*

बरोबर. नियमानं गणपूर्ती लागते एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातलं जे कमी असेल ते. ती झाली नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभा पुन्हा भरली की तिला गणपूर्तीची अट राहत नाही. गायरानाचे आणि जागेचे बरेच ठराव या दुसऱ्या सभेत होतात, दहा-बारा माणसांत. यात बेकायदा काही नाही, पण धोका इथेच आहे. तेव्हा तहकूब सभेची नोटीस निघाली की तिच्यात विषय काय लिहिलेत ते वाचा. ‘अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळी येणारे विषय’ या ओळीखाली जागेचा विषय आला, तर तो पुढच्या सभेत घ्या असं तिथेच लेखी सांगा आणि इतिवृत्तात तुमचं म्हणणं नोंदवून घ्या. महिलासभा ग्रामसभेच्या आधी घ्यायची असते. तिथे हा विषय आधी मांडायला सांगा. चारा कुठून आणायचा, सरपण कुठून, पाण्याला किती लांब जायचं, हे तिथे बसलेल्यांना नकाशाशिवाय सांगता येतं.